गावाला गेलेत

चौदा जानेवारीला मराठवाड्यातली लेकरं दोन ठिकाणी दिसतात. काही घरात असतात. अंगात काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे ओतले जातात आणि ती एकतर भेदरून रडतात, नाहीतर खाली पडलेला ऊस तोंडात घालतात. काही लेकरं बापाच्या खांद्यावर असतात. छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, निळ्या झेंड्यांच्या गर्दीत, पुस्तकांच्या आणि फोटोंच्या दुकानांमधून ती उंचावरून सगळं बघत असतात. एकाच तारखेला मकरसंक्रांत आणि नामविस्तार दिन. ही दोन्ही दृश्यं मी वर्षानुवर्षं पाहत आलो. सकाळी बोरन्हाण आणि दुपारी गेट, असं दोन्हीकडे दिसलेलं एक लेकरू मात्र मला अजून भेटायचं आहे.

हा दिवस तसा दुहेरीच. तिळगूळ घ्या, गोड बोला, असं आपण एकमेकांना म्हणतो आणि कुणावर अरिष्ट ओढवलं की त्याच्यावर संक्रांत आली असंही म्हणतो. पानिपतची तारीखही चौदा जानेवारीच, साल १७६१. लेकरांना यातलं गोड बोलणं तेवढं शिकवलं जातं. त्या गोड बोलण्याविषयीच यंदा थोडं कडू लिहायचं आहे.

१९७८ च्या जूनमध्ये मी चौथीत गेलो. गाव नांदेड जिल्ह्यातलं. नाव सांगून काही साधणार नाही, त्या वर्षी तशी गावं पुष्कळ होती. आमचे गुरुजी जुन्या वळणाचे. पुस्तकातून कधीच गेलेली पावकी-निमकी ते अजून पाठ करून घ्यायचे. आम्ही सवायकीपर्यंत कसेबसे पोचायचो. तरटपट्टीवर माझ्या शेजारी बसणाऱ्या पोराला मात्र औटकी यायची, आणि ती तो आढ्याकडे बघत, न अडखळता म्हणायचा. माझा लाल भोवरा त्यानं दोन दिवसांच्या बोलीवर नेला होता.

२७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात जे पेटलं त्यात दलित वस्त्या जळाल्या, माणसं गाव सोडून गेली, आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांचा खून झाला. मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की आठवडाभर शाळा भरली नाही, आणि भरली तेव्हा माझ्या शेजारची जागा रिकामी होती. आजीला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गावाला गेलेत ते."

"कोणत्या गावाला? त्यांचं गाव तर हेच."

"तुला काय करायचंय? अभ्यास कर जा."

वडिलांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. गुरुजींनीही. तिघांनी मिळून एकच वाक्य ठरवलं असेल असं मला वाटत नाही. त्या वेळी सगळ्या गावाच्या तोंडी ते वाक्य आपोआप आलं. आजी वाईट नव्हती. दुष्काळात त्याच वस्तीतल्या बायकांना तिनं पायलीनं ज्वारी दिलेली मी पाहिली होती. लेकराच्या कानावर नको, एवढाच तिचा विचार असणार.

पण लेकराला उत्तर मिळालं नाही तर ते गप्प बसत नाही, स्वतः एक उत्तर तयार करतं. मी केलं. माझा भोवरा परत द्यायला नको म्हणून ते लोक गाव सोडून गेले, अशी माझी पक्की समजूत झाली. हसू येतं आता. पण ही समजूत पुढं सात वर्षं टिकली, आणि ती एका पोरापुरती राहिली नाही. त्या लोकांना वस्तू देऊ नये, परत येत नाहीत, असा त्याचा नियम झाला. मी तो इतर पोरांना सांगितला. कुणीही मला कुणाचा द्वेष शिकवला नव्हता. तीन भल्या माणसांनी मला फक्त गप्प केलं होतं, उरलेलं काम मी एकट्यानं केलं. पुढं नांदेडला कॉलेजात, वसतिगृहाच्या गच्चीवर एक वरच्या वर्गातला मुलगा एकामागून एक गावांची नावं घेत होता. त्यात आमचं नाव आलं, तेव्हा भोवऱ्याची गोष्ट माझ्या घशात अडकली.

नामांतर व्हायला पुढं जवळजवळ सोळा वर्षं लागली आणि तेही नामविस्तार होऊन आलं. लाँग मार्च निघाले, तुरुंग भरले, नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं, आणि १४ जानेवारी १९९४ ला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा तोडगा निघाला. बाबासाहेबांनी विद्यापीठाच्याच शहरात १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय काढलं, विद्यापीठ आलं १९५८ ला. शिक्षणाची वाट आधी कुणी पाडली हे सांगायला एवढा हिशेब पुरे होता. तरी एक आख्खी पिढी त्या भांडणात वाढून मोठी झाली. चौथीतला मी १९९४ ला नोकरीला लागलेला, लग्नाचा होतो.

हे सगळं आज उकरून काढायचं कारण आजची लेकरं. ज्या लेकरानं जून २०२३ मध्ये पहिलीत पाऊल टाकलं त्याचंच उदाहरण घ्या. त्याच ऑगस्टच्या शेवटी अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं, १ सप्टेंबरला लाठीमार झाला, ऑक्टोबर सरता सरता बीड जिल्ह्यात घरं पेटली. ते दुसरीत गेलं तेव्हा, जून २०२४ मध्ये, त्याच अंबड तालुक्यात काही किलोमीटरवर वडीगोद्रीला ओबीसींच्या बाजूनं उपोषणाचा दुसरा मांडव पडला. त्या डिसेंबरात मस्साजोगच्या सरपंचांचं अपहरण होऊन खून झाला, परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि नंतर एका तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. ऑगस्ट २०२५ च्या शेवटी मराठा आरक्षणासाठी गाड्या भरभरून माणसं मुंबईला आझाद मैदानाकडे निघाली. या पोरानं आजवर शाळेचं एकही वर्ष असं पाहिलेलं नाही ज्यात घरातली मोठी माणसं रात्री टीव्हीसमोर गंभीर होऊन बसली नाहीत.

आरक्षण कुणाला, किती, कोणत्या प्रवर्गातून, हा आजचा विषय नाही. त्यावर माझं मत आहे आणि ते माझ्याच घरातल्या दोघांना मान्य नाही. दोघंही जेवायला त्याच ताटांच्या रांगेत बसतात, हे महत्त्वाचं.

मोठ्यांचं आंदोलन लेकरांपर्यंत पोचतं ते फार साध्या वाटांनी. पहिली वाट एसटीची. रस्ता रोको झाला, कुठं बस पेटली, की महामंडळ आधी गाड्या आगारात ओढून घेतं. त्यांचाही नाइलाज असतो. पण खेड्यातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा मोफत पास असतो, मानव विकासच्या निळ्या गाड्या तर मुलींच्या शाळेसाठीच धावतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अंबड तालुक्यात संचारबंदी लागली तेव्हा बारावीची परीक्षा चालू होती. मुलग्याला कुणीतरी मोटारसायकलवर सोडतं. मुलीचं चार दिवसांनी बघू, असं ठरतं. ते चार दिवस सरतात, गाड्या सुरू होतात, पण ती घरी राहिली तर काही अडत नाही, हे तोवर बापाला कळून चुकलेलं असतं. कोणत्याही मांडवातल्या भाषणात ही मुलगी मला ऐकू आली नाही, आणि दोन्ही मांडवांत शिक्षणाचा शब्द मात्र दर दोन मिनिटांनी येत होता.

दुसरी वाट शाळेच्या कपाटातून जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि ज्यांवर मराठ्यांना ओबीसीचा दाखला मिळतो त्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तहसिलातली कागदपत्रं, निजामाच्या काळचे दस्त, मोडीतल्या वह्या आणि गावोगावच्या शाळांचं प्रवेश निर्गम रजिस्टर. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे जुनं लिखाण उर्दूतही. मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे तो मान मिळाला. ज्या शाळेत पालकसभेला दहा माणसं येत नाहीत, तिथं मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग लागला. वाळवी लागलेल्या वह्यांवर मोबाइलचा उजेड पाडून माणसं आजोबा शोधू लागली. पोरं खिडकीतून बघत होती. मधल्या सुट्टीत एका चिमुरड्यानं दुसऱ्याला विचारलेलं मी या कानांनी ऐकलं, "तुमची सापडली का?" काय सापडायचं होतं हे दोघांनाही माहीत नव्हतं. सापडली तर बरं असतं, एवढं कळलं होतं.

खरं तर केवढा मोठा धडा त्या कपाटात होता! ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी कुण्या मास्तरानं समोर उभ्या असलेल्या बापाला विचारून, किंवा न विचारताच, एका रकान्यात एक शब्द लिहिला. एकाच घरातल्या दोन भावांपुढं वेगवेगळे शब्द लिहिले गेल्याचीही उदाहरणं माणसं सांगतात. जात ही आभाळातून पडलेली नसते, ती कुणीतरी टाकानं लिहिलेली असते, हे सातवीच्या पोराला त्या वहीत डोळ्यांनी दाखवता आलं असतं. तशी शाळा कुठं भरली असेल तर मला तिथं जाऊन बसायला आवडेल.

तिसरी वाट आडनावाची, आणि ती सगळ्यांत जुनी. २०२५ साली बीडच्या पोलीस अधीक्षकांनी पोलिसांच्या टेबलावरच्या, छातीवरच्या पाट्यांवरून आडनावं काढायला लावली, फक्त नाव ठेवलं. कल्पना चांगली, हेतूही चांगला. पण आपल्याकडं ओळख झाली की तिसरा प्रश्न येतो, "पूर्ण नाव काय?" आडनावावरून उलगडा झाला नाही तर "कोण्या गावचे?", "तिथल्या अमक्याचे कोण?" अशी चौकशी चालू राहते. मराठवाड्यातलं आठ वर्षांचं लेकरू हा प्रश्नक्रम बिनचूक विचारू शकतं. मी एका लग्नात विचारताना पाहिलंय. त्याला कुणी शिकवला? कुणीच नाही. तो बापाच्या शेजारी उभा होता.

आणि चौथी वाट म्हणजे घरातला बारीक आवाज. स्वयंपाकघरात बाई हळदीकुंकवाची यादी करत असते. दोन नावांवर ती थांबते, नवऱ्याकडं बघते, आवाज खाली येतो. "त्यांना यंदा सांगावं का?" नवरा म्हणतो, "बघ बाई, लोक काय म्हणतील." नावं राहतात. सुगडं तेवढीच येतात, वाण तेवढंच लुटलं जातं, काही बिघडत नाही. शेजारी गृहपाठ करणाऱ्या पोरीनं मान वर केलेली नसते, पण तिला समजलेलं असतं की आई ज्या माणसांविषयी बारीक आवाजात बोलते ती माणसं निराळी आहेत. २०२४ च्या लोकसभेनंतर बीड जिल्ह्यात एकमेकांच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, अशा शपथांच्या बातम्या आल्या. मोठ्यांची शपथ दोन महिन्यांत मोडते, कारण उधारी त्याच दुकानात असते. पण त्या दोन महिन्यांत पोराला साखर आणायला पाठवताना "तिकडून नको, चौकातून आण," असं सांगितलेलं असतं. का, ते सांगितलेलं नसतं. पोरगा मग स्वतः ठरवतो की ते काका मापात मारतात. हा माझाच भोवरा आहे. फक्त आता त्याच्या हातात मोबाइल आहे, आणि त्याची समजूत संध्याकाळपर्यंत चाळीस पोरांच्या स्टेटसवर जाते.

अशा काळात आईबापांना दोन प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला, पुण्या-मुंबईकडे गेलेल्या नातेवाइकांचा आणि बऱ्याच शिक्षकांचाही: लेकरांना यापासून लांब ठेवा, त्यांचं वय नाही, त्यांना अभ्यास करू द्या. हे 'गावाला गेलेत'चंच शहरी रूप. दुसरा सल्ला मांडवातला: आत्तापासून कळू द्या, आपल्यावर काय अन्याय झालाय ते. मग पाच वर्षांच्या पोराच्या कपाळाला पट्टी, हातात झेंडा, तोंडात घोषणा आणि ती घोषणा म्हणताना काढलेली रील. पहिल्या घरात लेकराला प्रश्न विचारायची बंदी, दुसऱ्यात उत्तर आधीच पाठ करून घेतलेलं. तराजूत घातलं तर मला पहिलं जास्त धोक्याचं वाटतं, कारण पट्टी निदान दिसते.

लेकरांना मोर्चात नेऊ नये, असं मी म्हणणार नाही. उलट न्यावं. कोपर्डीतल्या मुलीवरच्या अत्याचार आणि खुनानंतर ९ ऑगस्ट २०१६ ला औरंगाबादेत पहिला मराठा मूक मोर्चा निघाला. (शहराचं नाव तेव्हा तेच होतं. आज कोणतं नाव घ्यायचं हे घराघरावर ठरतं, लेकरांना दोन्ही येतात आणि कोणापुढं कोणतं हेही येतं.) लाखो माणसं घोषणा न देता चालली. पुढं मुली होत्या, निवेदन मुलींनी दिलं. मागणीशी तुमचं जमो न जमो, चवथी-पाचवीतल्या मुलीनं ते पाहिलं असेल तर आवाज न चढवता सरकारला जाब विचारता येतो, हे तिला कळलं. चौदा जानेवारीला बापाच्या खांद्यावरून गेट बघणाऱ्या पोरालाही काहीतरी कळतं. आपल्या माणसांनी एका नावासाठी सोळा वर्षं धीर सोडला नाही, ही काय कमी शिकवण आहे? माझी हरकत आहे ती ज्या घोषणेत कुणाचा तरी बाप काढलेला असतो ती लेकराच्या तोंडी घालायला. त्याच्या वर्गात त्या बापाचं लेकरू असतं.

नेलं तर मात्र घरी येऊन निवेदन वाचून दाखवावं. समोरच्यांचं निवेदनही मिळवून वाचावं, ते दहा मिनिटांचं काम आहे. आणि भांडण काय आहे ते हिशेबानं सांगावं. त्याला संक्रांतीची बोरं पुरतात. शंभर बोरं मोजून परातीत घ्यायची. तेरा अनुसूचित जातींची, सात जमातींची, अकरा भटक्या-विमुक्तांची, दोन विशेष मागास प्रवर्गाची, एकोणीस ओबीसींची. बावन्न झाली. मग आर्थिक दुर्बलांची दहा, मग २०२४ च्या कायद्यातली मराठ्यांची दहा. आता परातीत किती उरली? ओबीसी का घाबरलेत? मराठ्यांच्या पोराला त्या दहांचा भरवसा का वाटत नाही? न्यायालयानं आधीचा कायदा २०२१ मध्ये का रद्द केला? दहा वर्षांचं पोर हे सहज समजतं. मी करून पाहिलंय. फक्त ते शेवटी एक प्रश्न विचारतं, ज्याची तयारी ठेवावी लागते: "पण बोरं शंभरच का?" सरकारी जागा इतक्या थोड्या का, आजोबांची सोळा एकर वाटण्या होत होत दोन एकरावर का आली, सोयाबीन विकून बहिणीची लातूरची फी का निघत नाही, हे सगळे त्या एका प्रश्नाच्या पोटातले. या प्रश्नाला कोणत्याच मांडवात टाळ्या पडत नाहीत.

सगळ्याच घरांना हे सारख्या मोकळेपणानं बोलता येईल, असं मात्र समजू नये. गावात तीनशे उंबरे असलेल्या जातीच्या बापानं लेकराशी बोलणं निराळं आणि गावात तीनच घरं असलेल्यानं बोलणं निराळं. तिथं आधी सांगावं लागतं की संध्याकाळी पारावरून येऊ नको, वळसा घालून ये. कुणी आडनावावरून काही बोललं तर उलट बोलू नको. १९७८ मध्ये गाव सोडताना माझ्या वर्गमित्राच्या घरात लेकरांना 'आपण गावाला चाललोय' असं कुणी सांगितलं नसणार. त्याला नऊ वर्षांचा असतानाच सगळं माहीत झालं. माहीत न होण्याची चैन माझी होती. म्हणून मोकळं बोलण्याची पहिली जबाबदारी ज्यांच्या बाजूला उंबरे जास्त, त्यांची.

संत एकनाथांचं पैठण मराठवाड्यातच आहे. गोदावरीच्या तापल्या वाळूत भरकटलेलं अस्पृश्याचं पोर नाथांनी कडेवर घेतलं आणि त्याच्या घरी पोचवलं, ही कथा आमच्याकडे प्रत्येक लेकराला सांगितली जाते. नाथषष्ठीला दिंड्या जातात, त्यात दोन्ही मांडवांतली माणसं असतात. पण नाथ होणं कठीण. मला त्यापेक्षा जवळची वाटते ती श्यामची आई. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकात एका महारणीची मोळी खाली पडते. आई श्यामला ती उचलून द्यायला पाठवते आणि नंतर आंघोळ करायला लावते. आजच्या वाचकाला ती आंघोळ खटकते, खटकायलाच हवी. पण त्या बाईला गावाशी जेवढं भांडता येत होतं तेवढं ती भांडली, आणि महत्त्वाचं म्हणजे मुलाच्या देखत. आजच्या आईला यादीतली ती दोन नावं मोठ्या आवाजात वाचता आली तरी मोळी उचलल्यासारखं होईल. लोक काय म्हणतील त्याची आंघोळ मागाहून करता येते.

शेवटी एक हकिकत सांगतो आणि थांबतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये आमच्या घरातही नोंदीचा शोध सुरू झाला. पुतण्याला सुट्टी नव्हती म्हणून मी गावी गेलो, बरोबर त्याची सहावीतली लेक. मुख्याध्यापक बिचारे महिनाभर हेच करत होते. त्यांनी कपाट उघडून दिलं आणि बाहेर वर्ग घ्यायला गेले. मी माझ्या आजोबांच्या काळातली वही उलगडत बसलो. पोरीनं कंटाळून दुसरी, बरीच नवी वही काढली आणि वाचत सुटली. थोड्या वेळानं म्हणाली, "आबा, यात तुम्ही आहात!" मी वाकून पाहिलं. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जात, जन्मतारीख, सगळं गुरुजींच्या वळणदार अक्षरात. त्याच्या खालच्या ओळीत तो होता. त्याचंही सगळं होतं. शेवटून दुसऱ्या रकान्यात शाळा सोडल्याची तारीख, ऑक्टोबर १९७८. त्यापुढं शाळा सोडल्याचं कारण: 'सतत गैरहजर.'

"हे तुमच्या वर्गात होते?" ती म्हणाली. "शाळा बुडवायचे का?"

मागं माणसं उभी होती, कुणीतरी खाकरलं. मी वही मिटली. आमची नोंद सापडली की नाही ते इथं सांगायची गरज नाही. परतताना गाडीवर तिला भोवऱ्यापासून सगळं सांगितलं. आजीनं काय सांगितलं, वडिलांनी काय, गुरुजींनी काय, आणि गच्चीवर त्या मुलानं काय. ती मागून माझ्या खांद्याला धरून ऐकत होती. रस्ता खराब होता म्हणून गाडी हळू घेतली होती, त्यामुळे तिचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"मग नंतर त्यांना कुणी शोधलं?"

"नाही," मी म्हणालो.

"तुम्ही पण नाही?"